प्रयोगशाळेचा शेरा 'योग्य' आहे, तरीही मधाची शंका जात नाही. नेमकी कोणती तपासणी मागावी?

प्रश्न : धान्यकोठी

नमस्कार. मी तयार खाद्यपदार्थांचा एक लहान व्यवसाय चालवते. आमच्या पदार्थांत मध, दळलेले मसाले आणि दूध पावडर या तीन गोष्टी भरपूर लागतात आणि तिन्ही आम्ही घाऊक, पिंपांत किंवा पोत्यांत भरलेल्या, विकत घेतो. आमचे पदार्थ खाणाऱ्यांत लहान मुले पुष्कळ आहेत, त्यामुळे कच्च्या मालाच्या बाबतीत माझ्या जिवाला सतत घोर लागलेला असतो.

यंदा मधाच्या दोन खेपा साधारण सहा महिन्यांच्या अंतराने आल्या. फुलोरा बदलला की मधाचा रंग, वास आणि दाटपणा बदलतो असा माझा आजवरचा अनुभव आहे; या दोन खेपा मात्र एकाच साच्यातून काढल्यासारख्या होत्या. संशय आला म्हणून दुसऱ्या खेपेतल्या एका पिंपाचा नमुना मी प्रयोगशाळेत पाठवला. ओलावा, शर्करांचे प्रमाण, एचएमएफ (मध तापवल्यावर वा जुना झाल्यावर वाढणारा पदार्थ) आणि डायस्टेज (मधातील एक विकर, म्हणजे एन्झाइम) या चार कसोट्यांवर तो उतरला आणि अहवालावर 'योग्य' असा शेरा आला. याचा अर्थ मध शुद्ध आहे असा घ्यायचा का, असे मी दूरध्वनीवरून विचारले, तेव्हा तिथल्या तंत्रज्ञांनी एवढेच सांगितले की आपण ज्या तपासण्या मागितल्या त्यांत नमुना बसतो. हे ऐकल्यापासून माझा गोंधळ अधिकच वाढला आहे.

कोणतीही भेसळ पकडणारी एखादी सर्वसमावेशक तपासणी असते का? नसल्यास माझ्यासारख्या छोट्या खरेदीदाराने प्रयोगशाळेकडे नेमके काय मागावे? आणि प्रत्येक खेप प्रयोगशाळेत पाठवणे परवडणारे नसल्यामुळे, माल दारात आल्यावर मी स्वतः काय पाहू शकते? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास मी आभारी राहीन.

उत्तर : सूक्ष्मदर्शी

मी अन्नविश्लेषणाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आहे. आपल्याला मिळालेले उत्तर तुटक वाटले असेल, परंतु ते प्रामाणिक आहे, आणि त्यातच आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही आहे. सर्व भेसळ पकडणारी एकच तपासणी अस्तित्वात नाही. प्रयोगशाळेला जो प्रश्न विचारला जातो त्याचेच उत्तर ती देते. आपण मागितलेल्या चार कसोट्यांपैकी ओलाव्यावरून मध आंबेल की नाही हे कळते, एचएमएफ आणि डायस्टेज यांवरून तो फार तापवला आहे का किंवा फार जुना आहे का हे कळते, आणि शर्करांच्या प्रमाणावरून फक्त ढोबळ, अडाणी भेसळ उघड होते. या कसोट्या मधाच्या प्रतीसाठी आहेत. जो माणूस पाक मिसळतो त्याला हे आकडे पाठ असतात. तो पाक असा निवडतो की शर्करांचे गणित जुळावे, आणि डायस्टेज कमी पडले तर ते बाहेरून घालण्याचीही सोय आहे.

हा मुद्दा मला थोडा विस्ताराने मांडू द्या, कारण माझ्या मते फसवणुकीचे सारे तंत्र त्यात सामावलेले आहे. ज्या मोजमापावरून मालाचा भाव ठरतो, तेच मोजमाप फसवले जाते. दुधातील प्रथिने मोजण्याची रूढ पद्धत योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली दिली. ती प्रथिने थेट मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्याला एका ठरावीक गुणकाने, साधारणतः ६.२५ ने (दुधासाठी ६.३८ ने), गुणून प्रथिनांचा अंदाज देते. प्रथिनांत नायट्रोजन सुमारे १६ टक्के असतो. मेलॅमिन या प्लास्टिक उद्योगातील पदार्थात तो जवळजवळ ६७ टक्के असतो. म्हणजे दुधात पाणी घालून प्रथिने पातळ केली आणि वर १ ग्रॅम मेलॅमिन टाकले, तर यंत्राला ती ४ ग्रॅमांहून अधिक प्रथिने दिसतात. चीनमध्ये २००८ साली नेमके हेच उघडकीस आले. सुमारे ३ लाख बालके आजारी पडली आणि ६ दगावली. मेलॅमिनमुळे त्यांच्या मूत्रपिंडांत खडे झाले होते. त्या दुधाचे प्रथिनांचे अहवाल 'योग्य' होते. यंत्र बिघडलेले नव्हते, तंत्रज्ञही चुकलेले नव्हते. विचारलेला प्रश्नच फसवता येण्यासारखा होता. म्हणून दूध पावडरच्या बाबतीत आपण केवळ 'प्रथिने' असे लिहू नका. खरी प्रथिने आणि प्रथिनेतर नायट्रोजन वेगवेगळे मोजून मागा, आणि मेलॅमिनची स्वतंत्र तपासणीही मागा.

आता मधाकडे येतो. ऊस आणि मका या वनस्पती हवेतील कार्बन ज्या मार्गाने शोषतात तो मार्ग मधमाश्या ज्या फुलांवर जातात त्यांतील बहुतेकांच्या मार्गाहून वेगळा आहे. त्यामुळे त्यांच्या साखरेत कार्बन-१३ या जड समस्थानिकाचे (कार्बनच्याच किंचित जड अणूंचे) प्रमाण किंचित अधिक असते. मोजण्याच्या प्रमाणित पट्टीवर मध उणे २५ च्या आसपास येतो, तर उसाची व मक्याची साखर उणे ११ च्या आसपास. मधातील स्वतःची प्रथिने वेगळी काढून त्यांचा आकडा मधाच्या आकड्याशी ताडून पाहतात. पाक घालणाऱ्याला मधाचा आकडा हलवता येतो, पण प्रथिनांचा आकडा त्यासोबत हलत नाही. दोहोंत दर हजारी १ एककाहून अधिक तफावत आली, तर साधारण ७ टक्के किंवा त्याहून जास्त पाक मिसळला आहे असे मानले जाते. तपासणी सुंदर आहे, आणि नेमकी त्याच कारणामुळे तिला बगल दिली गेली. तांदूळ, गहू आणि बीट यांचा कार्बन-मार्ग फुलझाडांसारखाच असल्यामुळे त्यांच्या पाकाला ही तपासणी जवळपास आंधळी आहे. त्यासाठी शर्करांचे अंश वेगळे करून प्रत्येकाचे समस्थानिक पाहणे, धान्याच्या पाकातच आढळणारे खुणेचे रेणू शोधणे, किंवा एनएमआर या चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखणाऱ्या तंत्राने संपूर्ण मधाचा ठसा घेऊन तो अस्सल मधांच्या संग्रहाशी ताडणे, असे मार्ग आहेत. आपल्या शंकेसाठी मी कार्बन समस्थानिक आणि धान्याच्या पाकाचे खुणेचे रेणू, या दोन्ही तपासण्या एकत्र मागितल्या असत्या.

जुन्या साधनांनाही कमी लेखू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. इंग्लंडमध्ये १८५० साली तेथील अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितले होते, की कॉफीत चिकोरी मिसळली असल्यास रसायनशास्त्राने वा अन्य कोणत्याही उपायाने ती ओळखता येत नाही. आर्थर हिल हॅसल या डॉक्टरांनी कॉफीची पूड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि दोन वनस्पतींच्या पेशी सरळ वेगळ्या दिसल्या. मधातले परागकण आजही याच रीतीने पाहिले जातात आणि लेबलावर लिहिलेले फूल खरे की खोटे याचा पुरावा त्यांतून मिळतो. पराग मुळीच आढळले नाहीत, तर मध फार बारीक गाळला गेला आहे, आणि तसे का केले हा प्रश्न विक्रेत्याला विचारण्यासारखा असतो.

उत्तर : परीक्षानळी

मी रसायनशास्त्र शिकवते. वरील उत्तर उत्तमच आहे. मी फक्त दारात माल आल्यावर काय करता येईल याविषयी लिहिते, कारण या बाबतीत चुकीच्या समजुती फार वेगाने पसरतात आणि त्यांचे मला मनापासून वाईट वाटते.

मधात वात बुडवून पेटवणे, पाण्यात थेंब टाकून तो तळाशी जातो का पाहणे, कागदावर डाग पसरतो का पाहणे, या साऱ्या चाचण्यांतून फक्त ओलावा आणि दाटपणा यांचा अंदाज येतो. दाट पाकही अगदी मधासारखाच तळाशी जातो, आणि थोडा पातळ पण अस्सल मध या चाचणीत नापास होतो. म्हणजे लबाड सुटतो आणि प्रामाणिक अडकतो. या चाचण्यांवर आपण खरेदीचा निर्णय घेऊ नये.

काही साध्या चाचण्या मात्र खऱ्या आहेत, कारण त्यांच्यामागे ठरावीक रासायनिक क्रिया आहे. आयोडीनच्या द्रावणाने स्टार्च निळा-काळा होतो. ज्या पदार्थात मुळात स्टार्च नसतो त्यात तो आढळला, तर पीठ मिसळल्याचा तो चांगला पुरावा आहे. अर्थात ज्या मसाल्यात नैसर्गिक स्टार्च असतो तिथे हीच चाचणी निरुपयोगी ठरते, हे विसरू नये. खडूची पूड आम्लात फसफसते. दूध द्रवरूपात घेत असाल, तर त्याचा गोठणबिंदू फार बोलका असतो. विरघळलेल्या शर्करेमुळे आणि क्षारांमुळे दूध शून्याखाली, उणे ०.५३ अंश सेल्सिअसच्या आसपास, गोठते आणि हा आकडा फारसा हलत नाही. पाणी घातले की तो शून्याकडे सरकतो. घनतेच्या मापकाला फसवणे सोपे आहे, कारण साय काढली की घनता वाढते आणि पाणी घातले की ती पुन्हा पूर्ववत होते. गोठणबिंदूला या जोडीने फसवता येत नाही. मात्र मीठ, साखर किंवा युरिया घालून तोही खाली आणता येतो, त्यामुळे हा आकडा ठीक आला तरी निर्धास्त होऊ नये.

उत्तर : मोहोळ

मी मधमाश्या पाळतो आणि या चर्चेत थोडी दुसरी बाजू मांडू इच्छितो. दोन खेपा सारख्या दिसल्या हा आपला संशय समजण्यासारखा आहे, पण तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. मोठे भरणावाले अनेक ठिकाणचे मध एकत्र करून रंग आणि चव मुद्दाम एकसारखी राखतात, आणि लेबलावर तसे स्पष्ट सांगितले असेल तर त्यात लबाडी नाही.

दुसरे असे, की ठसा ताडण्याच्या पद्धती त्यांच्यामागील संग्रहाइतक्याच विश्वासार्ह असतात. माझा स्वतःच्या पेट्यांतून काढलेला, डोळ्यांसमोर गाळलेला मध एकदा एका प्रयोगशाळेने 'संग्रहाशी न जुळणारा' ठरवला होता. ते फूल दुर्मिळ होते आणि त्यांच्या संग्रहात त्याचे नमुनेच नव्हते. पुढचे कित्येक महिने मला गिऱ्हाइकांना उत्तरे द्यावी लागली आणि तो काळ माझ्यासाठी फार कठीण गेला. युरोपीय संघाने २०२३ साली जाहीर केलेल्या तपासणीत आयात मधाच्या ३२० नमुन्यांपैकी ४६ टक्के नमुने संशयास्पद निघाले होते. आकडा भयंकर आहे आणि त्यामुळे आम्हा प्रामाणिक मधपाळांच्या पोटावर पाय येतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु तिथेही शब्द 'संशयास्पद' असा होता. संशयापासून सिद्धतेपर्यंत जाण्यासाठी दुसऱ्या, वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या तपासणीचा आधार असायला हवा, आणि विक्रेत्याला आपली बाजू मांडण्याची संधीही मिळायला हवी.

उत्तर : आवकजावक

मी अन्न उद्योगातील खरेदी आणि पुरवठादारांच्या लेखापरीक्षणाचे काम करतो. आतापर्यंतच्या उत्तरांत नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्यानंतरचा विचार आला आहे. मला त्याआधीच्या टप्प्याविषयी लिहायचे आहे, कारण माझ्या अनुभवात बहुतेक फसवणूक तिथेच निसटते.

आपण एका पिंपाचा नमुना पाठवला. समजा खेप मोठी आहे आणि त्यातील ५ टक्के पिंपांत भेसळ आहे. त्यांतून कोणतीही १० पिंपे निवडून तपासली, तरी भेसळीचे एकही पिंप हाती न लागण्याची शक्यता जवळपास ६० टक्के उरते. ही शक्यता ५ टक्क्यांच्या खाली आणायची, तर ५९ पिंपे तपासावी लागतील. एका पिंपाचा अहवाल त्या पिंपापुरता असतो. खेपेबद्दल तो फारच थोडे सांगतो. आणि ते एक पिंप विक्रेत्यानेच पुढे केलेले असेल, तर काहीच सांगत नाही. म्हणून पिंपे आपण निवडावीत, तीही दरवेळी निराळ्या जागेवरून.

दुसरी गोष्ट ताळमेळाची. पुरवठादाराने वर्षभरात किती माल विकत घेतला, त्यातून किती उत्पन्न निघू शकते आणि त्याने प्रत्यक्षात किती विकला, हे तीन आकडे समोरासमोर ठेवले की जे यंत्राला दिसत नाही ते वहीत दिसते. मध उत्पादन घटलेल्या हंगामातही ज्याचा पुरवठा कमी झाला नाही आणि भावही चढला नाही, त्याला मी पहिला प्रश्न विचारतो. मूळ ठिकाण, पिकवण्याची पद्धत अशा दाव्यांच्या बाबतीत तर रासायनिक तपासणीचा आधार फार तोकडा पडतो आणि कागदपत्रांचा मागच खरा पुरावा ठरतो.

कोणता प्रश्न विचारायचा हे आधी सुचावे लागते, या सूक्ष्मदर्शी यांच्या मुद्द्याला मी एक उदाहरण जोडतो. आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०१३ मध्ये गोमांसाच्या बर्गरच्या २७ उत्पादनांचे डीएनए तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. त्यांतील १० उत्पादनांत घोड्याचा आणि २३ उत्पादनांत डुकराचा अंश सापडला. एका बर्गरमधील मांसात तर २९ टक्के घोड्याचे होते. त्याआधी हे कुणालाच का कळले नाही? गोमांसात घोडा शोधण्याचा विचारच सहसा कुणी करत नव्हता. त्या मांसाचे जंतूंचे अहवाल किंवा स्निग्धांशाचे आकडे कितीही तपासले असते, तरी घोडा दिसला नसता.

मसाल्यांबाबत मात्र मी आपल्याला अधिक काळजी घ्यायला सांगेन, कारण तिथे फसवणूक थेट आरोग्याशी भिडते. पूड केली की डोळ्यांना ओळखण्यासारखे काही उरत नाही आणि भाव रंगावर ठरतो. म्हणून रंगच खोटा केला जातो. अमेरिकेत २०२३ साली सफरचंदाच्या पल्पच्या पाकिटांत शिसे सापडले. ते दालचिनीच्या पुडीतून आले होते, आणि शिशासोबत क्रोमियमही आढळल्यामुळे लेड क्रोमेट हे पिवळे रंगद्रव्य मिसळल्याचा निष्कर्ष पुढे आला. या प्रकरणाचा माग लागला तो मुलांच्या रक्ततपासणीतून. खात्रीची, संभाव्य आणि संशयित अशी मिळून ५०० हून अधिक प्रकरणे नोंदली गेली. त्या साखळीतील कुणी एकाने पुडीची शिशासाठी तपासणी केली असती, तर ते मुलांच्या रक्तात मोजण्याची वेळ आली नसती.

याच विषाचा बंदोबस्त बांगलादेशात कसा झाला, हेही आपल्याला ठाऊक असावे. तिथे हळदीचा रंग उजळवण्यासाठी लेड क्रोमेट वापरले जात असे. संशोधकांनी ते दाखवून दिल्यावर तेथील अन्नसुरक्षा यंत्रणेने जनजागृती केली, एक्सआरएफ हे हातात धरण्याजोगे यंत्र घेऊन थेट बाजारात तपासणी केली आणि दोषींना दंड केला. हे यंत्र क्ष-किरणांच्या साहाय्याने पुडीतील शिसे थोड्याच वेळात दाखवते, नमुना विरघळवावा लागत नाही. बाजारातील हळदीच्या नमुन्यांपैकी ४७ टक्के नमुन्यांत २०१९ मध्ये शिसे आढळले होते; २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. शक्य असेल तिथे मसाला अख्खा घ्यावा आणि स्वतः दळून घ्यावा. तसे जमत नसल्यास प्रत्येक नव्या पुरवठादाराच्या पहिल्या खेपेची शिसे आणि क्रोमियम यांसाठी तपासणी करून घ्यावी; ही एक तपासणी काटकसरीच्या नावाखाली कधीही टाळू नये.

धान्यकोठी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मोहोळ यांचे लिखाण वाचून मला थोडी शरम वाटली, कारण विक्रेत्याला काही न विचारता मी मनात त्याला दोषी ठरवून मोकळी झाले होते. आज मी त्यांना मध कुठून घेतला जातो आणि तो एकत्र केला जातो का, याची लेखी विचारणा केली आहे. सोबत कार्बन समस्थानिक आणि धान्याच्या पाकाच्या खुणा, अशा दोन तपासण्यांसाठी नवीन नमुने काढणार आहे. या वेळी पिंपे मी स्वतः निवडीन. दळलेल्या मसाल्यांच्या सर्व पोत्यांचा वापर शिशाचा अहवाल येईपर्यंत थांबवला आहे.

एकच शंका उरली आहे. अहवाल प्रतिकूल आला आणि विक्रेत्याने तो अमान्य केला, तर पुढे काय करायचे? पुन्हा नमुना काढेपर्यंत तो माल बदललेला असू शकतो.

सूक्ष्मदर्शी

यासाठीच नमुना काढतानाच त्याचे भाग करून ठेवतात. निवडलेले पिंप आधी तळापासून नीट ढवळून घ्या, कारण मधाचे कण खाली बसलेले असतात आणि वरवरचा नमुना दिशाभूल करतो. मग एकाच वेळी काढलेला मध तीन स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरण्यांत भरा, प्रत्येकीवर पिंपाचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहा, आणि विक्रेत्याच्या प्रतिनिधीसमोर झाकणावरून कागदी पट्टी चिकटवून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. एक बरणी प्रयोगशाळेकडे, एक विक्रेत्याकडे आणि तिसरी आपल्याकडे, अंधाऱ्या व थंड जागी. वाद झाल्यास ही तिसरी बरणी, पट्टी न फाडता, दोघांना मान्य असलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत जाते. मसाल्याच्या पुडीलाही हीच रीत लागू आहे. फक्त पोत्याच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या अशा तिन्ही थरांतून पूड घेऊन ती आधी एकत्र कालवा, आणि काढायला धातूचा रंगवलेला चमचा वापरू नका, कारण त्या रंगातही शिसे असू शकते.